कसमादे नक्की कुणाचं, नाशिकचं का खानदेशाचं?

गिरणाकाठ

माझं गाव बागलाणात म्हणजे सटाणा तालुका, राहायला नाशिकच्या सिडकोत. जुन्या नाशकातले मित्र मला खानदेशी म्हणतात आणि जळगावचे पाहुणे "तुम्ही नाशिकवाले" म्हणतात, दोघंही प्रेमानंच म्हणतात पण एकदा यावर सविस्तर बोलायचं होतं म्हणून धागा काढला. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, या चौघांना आपण कसमादे म्हणतो, ते नक्की कुणाचं?

माझं मत आधीच सांगतो. कागदावर आम्ही नाशिक जिल्हा, पण तो कागद १८६९ चा. त्या साली इंग्रजांनी नाशिक जिल्हा वेगळा काढला, त्यात काही भाग नगरकडून आला आणि आमच्या बाजूचा खानदेशातून. त्याच्या कितीतरी आधी बागलाण हे स्वतःचंच राज्य होतं, मुल्हेर-साल्हेरवर बागुल राजे होते, १६३८ मध्ये औरंगजेबाने ते घेतलं तोपर्यंत. त्यामुळे आम्ही कुणाच्या कडेला उरलेला तुकडा नाही एवढं मला ठामपणे म्हणायचंय. बाकी दोन्ही बाजूंनी दावे ठोका, वाचायला आवडेल.

भुसावळ_जंक्शन

काय भो, यात विचारायचं काय? घरात अहिराणी बोलता, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोके बांधता, श्रावणात कानबाई बसवता, लग्नाच्या आदल्या दिवशी पंगतीला वरण-बट्टी असते. मग जिल्हा कुठला का असेना, माणूस खानदेशीच. अन् जिल्ह्याचंच म्हणाल तर नाशिकरोड स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं, पार इगतपुरीपर्यंत आमच्या विभागाची हद्द आहे, तेव्हा नाशिककरांनी गाडीत बसताना आमची आठवण ठेवावी.

पंचवटीकर

भुसावळभाऊ, रेल्वे तुमची मान्य. पण तुमच्या जळगावात डॉक्टर झालेल्या पोराच्या डिग्रीवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा शिक्का असतो आणि ते विद्यापीठ आमच्या म्हसरूळला आहे. घरबसल्या शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, तेही गंगापूर धरणाच्या वाटेवर. विभागीय आयुक्त बसतात नाशिकरोडला. धुळे, नंदुरबार, जळगाव, नगर, सगळ्यांची मोठी फाईल शेवटी आमच्याकडेच येते.

आणि गिरणाकाठ, तू गेली इतकी वर्षं नाशकात आहेस, रंगपंचमीला आमच्या रहाडीत उतरतोस, तू आमचाच.

भुसावळ_जंक्शन

रहाड म्हणजे काय ते जरा नीट सांगा, ऐकून आहे पण बघितली नाही.

पंचवटीकर

जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद आहेत, रस्त्याखाली. वर्षभर वर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात, नव्या माणसाला पत्तासुद्धा लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा होते, पाण्यात फुलांचा उकळलेला रंग टाकतात आणि मग उड्या. वरून धप्पकन उडी मारली की काठावरची सगळी माणसं रंगून निघतात. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा मान वेगळा, रंगही आपापला ठरलेला. बाकी महाराष्ट्र धुळवडीला रंग खेळून मोकळा होतो, आम्ही पाच दिवस थांबतो. यायचं असेल तर दोन जोडी कपडे आणा, एक जोडी परत घालायच्या लायकीची राहत नाही. खानदेशात असं काही आहे का सांगा, मी आनंदाने बघायला येईन.

सिडकोवाली

दादा, रहाडीचं कौतुक आहेच, पण श्रावणात आमच्या सिडकोत या एकदा. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला म्हणून धुळे, जळगाव, साक्री, शिंदखेड्याची माणसं आली, आमचे वडील त्यातलेच, आणि येताना देव घेऊन आले. नारळाची कानबाई, तिला साडी-दागिने, नथ, भाऊबंद सगळे एका घरात, रोट करायचे तर गहू घरातल्या माणसांच्या हिशोबाने मापून घ्यायचा, नवीन सून आली बाळ झालं की माप वाढतं. रात्रभर गाणी. सोमवारी वाजतगाजत विसर्जन, आणि ते कुठे, तर गोदावरीत. खानदेशची देवी रामकुंडाच्या नदीत जाते. त्या दिवशी सिडकोतल्या रस्त्यावर उभं राहून मला कुणी विचारलं की तू नाशिकची का खानदेशची तर मी उत्तर देणार नाही, डोक्यावर देवी असते.

पंचवटीकर

ताई, येतो. यंदा नक्की.

निफाडची_सून

माहेर रावेर, सासर निफाड. म्हणजे केळीतून उठून द्राक्षात आले, त्यामुळे दोन्हीकडून बोलायचा हक्क माझा सगळ्यात जास्त आहे असं मला वाटतं.

द्राक्षवाल्यांना वाटतं केळी म्हणजे सोपं पीक, लावलं की आलं. माझ्या वडिलांना विचारा. केळी वर्षभर शेतात उभी असते, तितके दिवस पाणी, खत, पिल्लं कापणं, घड पडला की टेकू, आणि मे-जूनचं एक वादळ आलं की एका दुपारीत बाग आडवी. उभी बाग आडवी झालेली मी लहानपणी पाहिलीये, घरात त्या रात्री कुणी जेवलं नव्हतं.

आणि केळीवाल्यांना वाटतं द्राक्ष म्हणजे पैसाच पैसा. इथे येऊन बघा. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, फळ मात्र एकदाच. पहिल्या छाटणीनंतर काडीत घड तयार होतात, दुसरीनंतर बाहेर दिसतात. मधल्या काळात एक चुकीचा पाऊस आला की डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग, फुलोऱ्यात आला की गळ, मणी भरल्यावर आला की मणी तडकतात. सासरे रात्री दोनला उठून आकाश बघतात, दर सीझनला.

आता हवामानाचं. माझ्या माहेरचा आणि सासरचा दोघांचाही पारा टीव्हीवर येतो, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पंचेचाळीसच्या वर गेला म्हणून आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा सगळ्यात खाली गेला म्हणून. थंडी फार पडली की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सुरू करतो, म्हणजे मुळांशी जरा ऊब राहते. आई फोनवर म्हणते तिकडे तुम्ही गारठलात आणि इकडे आम्ही भाजलो.

भुसावळ_जंक्शन

ताई तुम्ही रावेरच्या म्हटल्यावर आता विषय निघालाच आहे तर जेवणाचं बोलू. नाशिकवाल्यांनी मिसळीचं एवढं मोठं करून ठेवलंय की बाकी काही नाहीच जणू. शेवभाजी खाल्लीये का कुणी खरी? काळा मसाला, खोबरं-कांदा भाजून वाटलेला, तेलाचा तवंग, आणि जाड तिखट शेव, ती भाजीत शिजवायची नाही, ताटात वाढतानाच टाकायची. आणि थंडीतलं भरीत. हिरवी पांढरट मोठी वांगी, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काट्यांवर भाजलेली, गॅसवर नाही, मग लाकडाच्या भांड्यात हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, वरून पातीचा कांदा, शेंगदाणे. सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी नाहीतर पुऱ्या. आमच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, जळगाव भरीत वांगं म्हणून.

पंचवटीकर

मानांकनावर आलात तर द्राक्षाला आहे, लासलगावच्या कांद्याला आहे, आणि येवल्याच्या पैठणीला आहे.

मिसळीचं म्हणाल तर रविवारी सकाळी मखमलाबाद-गंगापूर रोडला या. मळ्यात बाकडी टाकलेली, चुलीवर पातेलं, मटकीची उसळ वेगळी, रस्सा वेगळा, काळ्या मसाल्याचा, पापड, दही, कांदा-लिंबू, आणि शेवटी जिलबी. तीन पिढ्या एका बाकड्यावर बसून खातात. मी मिसळीला पदार्थ म्हणून मार्क देतच नाही, ती आमची रविवारची सकाळ आहे आणि त्यावर मी मागे हटणार नाही.

येवलेकर

पैठणीचं नाव कुणीतरी घेतलं, धन्यवाद. नाव पैठणचं असलं तरी आज माग चालतात ते मुख्यतः येवल्यात, घरोघर.

नाथसागर

येवलेकर, नाव आमच्या पैठणचं आणि हात तुमचे, साडी दोघांची. पण पाण्याच्या बाबतीत एवढं सोपं नाही हो. गंगापूर-दारणाचं पाणी खाली आमच्या जायकवाडीला सोडायचं का नाही यावर तुमच्याकडे मोर्चे आणि आमच्याकडे मोर्चे, दुष्काळी वर्षात ती मजेची चुरस उरत नाही. धरण भरलेल्या वर्षी भांडू, बाकीच्या वर्षी एकमेकांचं ऐकून घेऊ, एवढंच म्हणतो आणि थांबतो. मिसळ मात्र आवडते.

गिरणाकाठ

नाथसागर दादा, मनापासून सहमत. आणि पाण्याचं निघालंच आहे तर माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण मला वाटतं कसमादेचं उत्तर नदीतच आहे.

गोदावरी त्र्यंबकला उगवते आणि मराठवाड्याकडे जाते, तिचं सगळ्यांना माहीत आहे. गिरणेचं फार कुणी बोलत नाही. तीही नाशिक जिल्ह्यातच उगवते, कळवण-सुरगाण्याच्या बाजूला सह्याद्रीत. चणकापूर, मग कळवण, देवळा-सटाण्याचा भाग, मालेगावजवळ मोसम मिळते, पुढे नांदगाव तालुक्यात गिरणा धरण. ते धरण आमच्या जिल्ह्यात, पण त्याच्याकडे डोळे लावून बसतात चाळीसगाव, भडगाव, पाचोरा. गिरणा धरण भरलं की पेढे जळगाव जिल्ह्यात वाटतात. शेवटी ती तापीला मिळते. म्हणजे नाशिक जिल्ह्यातून निघणाऱ्या दोन नद्या, एक मराठवाड्याला जाते, एक खानदेशाला, आणि कसमादे त्या दुसरीच्या अंगाखांद्यावर वसलंय. नार-पार या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी गिरणेत आणायची मागणी कळवणचा शेतकरीही करतो आणि चाळीसगावचाही, तिथे जिल्हा कुणी विचारत नाही.

साक्रीचा_पाटकरी

धागा वाचून राहवलं नाही. मी साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. गिरणाकाठ दादा, तुम्ही नदीचं बोललात पण फडाचं बोलला नाहीत.

तरुण पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो. आमच्या पांझरेवर आणि तुमच्या मोसम, आरम, गिरणेवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत, एका खाली एक. बंधाऱ्यातून पाट निघतो, त्याखालची जमीन तीन-चार फडात वाटलेली. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस तर त्यात गहू, पुढच्या वर्षी फिरवायचं, एखादा फड पाणी कमी असेल तर मोकळा. ज्याची जमीन चारही फडात आहे त्याला सगळी पिकं मिळतात आणि कुणी एकटा जास्त पाण्याचं पीक घेऊन बसू शकत नाही. पाणी कुणाला कधी हे पाटकरी ठरवतो, शेतकरी स्वतः पाण्यावर हात टाकत नाही. पिकाची राखण जागल्या करतो. त्यांचा मोबदला धान्यात. वरचा बंधारा किती पाणी अडवणार आणि खालच्याला किती सोडणार याचेही जुने ठराव. हे सगळं सरकारने नाही, गावांनी बसवलं. माझे आजोबा पाटकरी होते म्हणून नाव असं घेतलंय.

नंतर वर धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटारी आल्या, जो तो आपलं बघायला लागला, बरेच फड मोडले. पण ज्याला कसमादे नाशिकचं का धुळ्याचं विचारायचंय त्याने नकाशावर फडाचे बंधारे बघावेत. ते साक्रीतही आहेत आणि बागलाणातही. ही एकच शेती होती.

निफाडची_सून

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे एका बोअरवरून भावाभावात कोर्ट चालू असतं.

मोसमपूल

मी मालेगावचा. आमचं नाव निघालं की लोकांच्या डोक्यात एकच चित्र येतं, म्हणून मुद्दाम लिहितो. मालेगावचा भुईकोट किल्ला बांधला नारोशंकर राजेबहाद्दरांनी. आणि नाशकात गोदाघाटावर जी नारोशंकराची घंटा म्हणतात, त्या रामेश्वर मंदिराचं बांधकामही त्यांचंच, १७४७ चं. पूर आला की नाशिककर त्या मंदिराकडे बघून पाणी किती चढलं ते सांगतात, बरोबर ना पंचवटीकर? म्हणजे तुम्ही ज्याच्या देवळावरून पूर मोजता त्याचा किल्ला आमच्या गावात आहे.

बाकी आमच्याकडे एका गल्लीत अहिराणी, दुसरीत उर्दू, तिसरीत मराठी, आणि सगळ्या गल्ल्यांत पॉवरलूमचा खडखडाट. तो आवाज बंद झाला की शहराला झोप येत नाही, कारण लूम बंद म्हणजे मजुरी बंद. मला नाशिक हवं का खानदेश हवं विचाराल तर मला मालेगाव हवं.

पंचवटीकर

मोसमपूल, एकदम बरोबर. आधी गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बघायचा, कमरेला पाणी का छातीला, आणि मग नारोशंकर. किल्ल्याचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं, आता बघायला येणार.

अकोलेकर

शेजारी म्हणून नगरचाही आवाज राहू द्या. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आमच्या अकोले तालुक्यात. इगतपुरीकडून येणारे नाशिककर दर पावसाळ्यात "आमची कळसूबाई" म्हणून फोटो टाकतात. बारी गाव आमचं, वाट आमची, देऊळ आमचं.

गिरणाकाठ

दादा, शिखर तुमचं, निर्विवाद. पण सगळ्यात उंच किल्ला आमचा. साल्हेर, १५६७ मीटर, बागलाणात. १६७२ ला मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानात हरवलं ते साल्हेरच्या पायथ्याला, प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे दोन बाजूंनी आले, सूर्यराव काकडे तिथेच पडले. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात नाशिक जिल्ह्यातला एकच, साल्हेर. रायगड-राजगडच्या रांगेत आमच्या बागलाणाचं नाव आलं त्या दिवशी गावात लोकांनी एकमेकांना फोन केले. खानदेश म्हणा, नाशिक म्हणा, तो किल्ला बागलाणचा आहे.

भुसावळ_जंक्शन

साल्हेर मान्य. पण सप्तशृंगीचं काय? गड कळवण तालुक्यात आहे, म्हणजे कसमादेत. आणि देवीचं माहेर आम्ही खानदेशवाले मानतो. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा, उन्हात, डांबर वितळत असतं, आणि धुळे-जळगाव-नंदुरबारहून माणसं पायी निघतात. म्हातारी माणसं, कडेवर पोरं, डीजे नाहीतर डफ, भगवे झेंडे. नाशिककर नवरात्रात गाडीने येतात, पार्किंग शोधतात. माहेरचा माणूस चालत येतो.

सिडकोवाली

नाशिककरही चालतात हो नवरात्रात, दिंडोरी रोडला रात्री उभे राहून बघा. कोजागिरीला कावडी येतात त्या वेगळ्याच.

गिरणाकाठ

भुसावळभाऊ, तुमच्या चालण्याला तोड नाही, पण चालणाऱ्याला पाणी कोण देतं? मालेगाव सोडलं की देवळा, कळवण, नांदुरीपर्यंत गावोगाव मांडव असतात. ताक, टरबूज, खिचडी, पायाला लावायला तेल, रात्री झोपायला शाळेची ओसरी. माझी आजी त्या आठवड्यात घरातलं ताक विकायची नाही, सगळं रस्त्यावर. देवीचं माहेर तुमचं असेल, पण माहेरच्या माणसाचं आदरातिथ्य करायचा मान कसमादेचा आहे. आमची जागा हीच. गड आमच्यात, नदी आमच्यातून, वाट आमच्यातून. नाशिक आणि खानदेश दोघांना आमच्याकडे यावंच लागतं.

भुसावळ_जंक्शन

ते ताक मी पिलोय. देवळ्याच्या पुढे, दुपारी दोनला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बठ्ठं आपलंच शे, सगळं आपलंच आहे.

साक्रीचा_पाटकरी

हा, आता अहिराणीत आले. लिहीत जा रे पोरांनो अहिराणीत, इथेसुद्धा. आमची नातवंडं समजतात पण बोलत नाहीत.

निफाडची_सून

रावेरकडची आमची लेवा गणबोली, अहिराणीपेक्षा वेगळी, बहिणाबाईंच्या कवितेतली. खानदेश म्हणजे फक्त अहिराणी असं धरू नका एवढीच विनंती. बाकी भरिताचा आणि कळण्याच्या पिठाचा पत्ता मला विचारा, माहेरून येतं, निफाडात कुणाला हवं असेल तर सांगा.

मोसमपूल

ताई, कळण्याच्या पिठात उडीद किती घालता? आमच्याकडे दोन घरांत दोन प्रमाणं.

निफाडची_सून

ज्वारी जास्त, उडीद साधारण चौथा हिस्सा, साल असलेलाच, आणि दळतानाच जाडं मीठ. बारीक दळू नका, भाकरी चिवट होते. खाताना वर कच्चं तेल आणि ठेचा.

अकोलेकर

बरं मग साल्हेरला कधी नेताय? आम्ही कळसूबाई दाखवतो बदल्यात.

गिरणाकाठ

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा गवत हिरवं असतं आणि दूरचं दिसतं. एक वाट वाघांबेकडून आहे, एक साल्हेरवाडीकडून, आपण वाघांब्याने चढून साल्हेरवाडीत उतरू म्हणजे दोन्ही बाजू बघून होतील, शेजारचा सालोटा किल्लाही जवळून दिसेल. वर परशुरामाचं देऊळ आहे. आदल्या रात्री सटाण्यात माझ्या घरी मुक्काम, पंचवटीकर, तुम्ही नाशिकहून चिवडा आणा, भुसावळभाऊ भरिताची वांगी आणा, काट्या आमच्या शेतात आहेत. किती जण येताय ते खाली लिहा म्हणजे आईला सांगतो.

पंचवटीकर

मी आणि मुलगा, दोघं.

भुसावळ_जंक्शन

तिघं. वांगी बामणोदची आणतो, पण ऑक्टोबरात ती नुकती सुरू होतात, मिळाली नाही तर शेव आणतो.